बाळंतिणीची राखण : घरची आणि इस्पितळाची

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी थोडी बावरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शिवाय वाघोलीचा इतिहास म्हटला की सरदार पिलाजीराव जाधवराव, त्यांची समाधी आणि वाघेश्वराचे मंदिर यांवर जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यात मी काय भर घालणार? मग मनात आले की लढायांचा इतिहास पुरुषांनी लिहिला, पण जिथे आपण सर्वजणी जन्मलो त्या बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास कोण लिहिणार? ती खोली घरातून उठून इस्पितळात गेली, ती कशी आणि का, हे आपल्या लेकीसुनांना ठाऊक असावे म्हणून हा लेख लिहीत आहे. मंडळात आलेली वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून, आमच्या आळीतील एका निवृत्त परिचारिकाबाईंना विचारून आणि घरच्या वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकून जे समजले, तेवढेच मांडते.

बाळंतपणाचा विषय फार मोठा. म्हणून मी त्यातील एकच अडचण घेते. दिवस भरण्याच्या आधीच पाणमोट फुटली, तर त्या बाईला घरी ठेवावे की इस्पितळात न्यावे? अजूनही पुष्कळ घरांत या प्रश्नावर दोन मते पडतात, आणि ती मते जुळेपर्यंत वेळ निघून जातो.

पोटातले मूल एका पातळ पिशवीत, पाण्यात तरंगत असते. या पिशवीला आपण पाणमोट म्हणतो. पाण्यामुळे मुलाला धक्का लागत नाही, त्याचे हातपाय मोकळे हलतात आणि त्याची फुप्फुसे नीट वाढतात. पिशवी शाबूत आहे तोवर बाहेरचे जंतू आत शिरायला सहसा वाट नसते. पूर्ण दिवस भरल्यावर पाणमोट फुटली तर बहुधा पाठोपाठ कळा येतात आणि बाळंतपण उरकते. परंतु शंभर गरोदर स्त्रियांपैकी सुमारे तिघींची पाणमोट सदतीस आठवड्यांच्या आत, म्हणजे मूल अजून कच्चे असताना फुटते. तेव्हा दोन्हीकडून कोंडी होते. मूल लगेच बाहेर आले तर ते जगण्याइतके पिकलेले नसते, आणि आत राहू दिले तर उघड्या वाटेने जंतू शिरून आईच्या रक्तात विष पसरण्याची भीती असते. कधी नाळच खाली घसरते आणि मुलाचा श्वास तुटतो. कळा नाहीत, दुखत नाही, बाई चालते-बोलते आहे, आणि तरीही धोका आहे, असे हे दुखणे आहे. घरच्यांची गाफिली होते ती यामुळेच.

आता जुन्या काळाकडे वळू. माझ्या सासूबाईंची पहिली तीन बाळंतपणे घरीच, मागच्या अंधाऱ्या खोलीत झाली. खिडकीला गोणपाट, कोपऱ्यात शेगडी, बाजल्यावर जुने धडुते. सुईण येई ती शेजारच्या वस्तीवरून, कंदील घेऊन, रात्री-अपरात्री, उन्हापावसात. तिला पैसे थोडे, पण लुगडे-चोळी आणि पायलीभर धान्य ठरलेले. ती रात्रभर बाळंतिणीच्या उशाशी बसे, पाठ चोळी, धीर देई, आणि वार पडेपर्यंत उठत नसे. बाईजवळ सतत कोणीतरी बसलेले असणे ही त्या खोलीची मोठी दौलत होती.

पण त्याच खोलीत मृत्यूही बसलेला असे. नाळ कापायला घरातला विळा, नाहीतर दाढीचे जुने पाते. हात धुणे म्हणजे गडव्यातले पाणी ओतून पदराला पुसणे. नाळेवर राख किंवा शेण लावण्याची चाल कित्येक गावांत होती, त्याने मुलाला धनुर्वात होई आणि लोक म्हणत की सटवाईने लिहिले तेवढेच आयुष्य. पाणमोट फुटून कळा येत नसल्या तर आत बोटे घालून पाहायचे, एरंडेल पाजायचे, पोट चोळायचे. प्रत्येक वेळी आत गेलेला हात बाहेरची घाण आत नेत होता, हे त्या सुईणीला कोणी सांगितलेच नव्हते. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असे आपण म्हणतो. पण तो दुसरा जन्म सर्वांना मिळत नसे.

यावरून कोणी म्हणेल की घर वाईट आणि इस्पितळ चांगले, एवढाच या इतिहासाचा अर्थ. तसे मात्र नाही. त्यासाठी थोडे लांब, युरोपातील व्हिएन्ना शहरात जावे लागेल. तेथील सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एका विभागात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातील अकराहून अधिक बाळंतिणी तापाने मेल्या, सुइणींच्या विभागात तीनपेक्षा कमी. गावातील गरीब बायका पाया पडून म्हणत, आम्हाला डॉक्टरांच्या बाजूला घालू नका. काहीजणी तर इस्पितळात पोहोचण्यापूर्वी रस्त्यातच बाळंत होत, आणि त्यांना हा ताप कमी येई! इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर याचा विचार करून हैराण झाला. १८४७ साली त्याचा एक डॉक्टर मित्र प्रेत चिरताना सुरी लागून मेला, आणि त्याच्या अंगात तीच लक्षणे दिसली जी बाळंतिणींत दिसत. तेव्हा त्याला उमगले की प्रेते चिरून तसेच हात न धुता डॉक्टर बाळंतिणीला तपासतात, आणि मरण त्यांच्याच बोटांवरून आत जाते. त्याने चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम केला. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरात अठरा मृत्यू होत होते, ते जूनमध्ये दोनाच्या आसपास आले. पण मोठ्या डॉक्टरांना ही गोष्ट मानवली नाही. आपल्याच हातांनी बाया मेल्या हे कोणाला कबूल करवेल? बिचारा सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

म्हणजे त्या काळी घर बरे, इस्पितळ नको, असे म्हणणारी बाई वेडी नव्हती. तिचे डोळे उघडे होते. इस्पितळ सुरक्षित झाले ते त्याच्या भिंतींमुळे नव्हे, हात धुतले गेले म्हणून झाले.

योगायोग असा की सेमेलवाइस गेला त्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, आपल्याकडे कल्याणला आनंदीबाई जोशी जन्माला आल्या. त्यांची गोष्ट आपण शाळेत शिकलो आहोत. पण त्यातील एक दुःख आपल्या विषयाशी जुळते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळाले नाहीत, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी प्रबंधासाठी जो विषय निवडला तो होता हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, वय बावीस पुरे व्हायचे होते. आपल्या हातून एकही बाळंतीण बरी करण्याआधी ही पोर गेली, पण पुरुष डॉक्टरासमोर जायला लाजणाऱ्या हजारो स्त्रियांसाठी दार किलकिले करून गेली.

पुण्यात घराबाहेरच्या बाळंतपणाची सोय त्याहूनही आधी झाली होती, आणि ती डॉक्टरांनी केलेली नव्हती. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. तेथेच जन्मलेला एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला; तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. ज्या बाईला घरात जागा नव्हती तिला सावित्रीबाईंनी उशाशी बसणारे माणूस दिले. मला तर वाटते, आपल्या पुण्यातले पहिले प्रसूतिगृह म्हणून याच घराला मान दिला पाहिजे.

पुढे १८६७ साली ससून इस्पितळ उघडले. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाने निधी निघाला आणि देशभर स्त्रियांसाठी इस्पितळे व स्त्री डॉक्टरांचे शिक्षण यांना पैसा मिळू लागला. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि परिचारिकेचे काम हलके मानणाऱ्या समाजात चांगल्या घरच्या मुलींना, त्यातही विधवांना, ते शिक्षण घेण्याची वाट करून दिली. १९१२ साली रास्ता पेठेतले केईएम इस्पितळ सुरू झाले. तरीही शहरापासून दूर असलेल्या आपल्यासारख्या गावांत बाळंतपण घरीच होत राहिले. बैलगाडीने पुण्याला पोहोचेपर्यंत मूल जन्मलेले असे, नाहीतर बाई गेलेली असे.

यानंतर औषधे आली. १९३० नंतरच्या दशकात सल्फाची औषधे निघाली आणि बाळंतज्वराला पहिल्यांदा उतार पडला. मग पेनिसिलीन आले. आपल्या जवळच, पिंपरीला, १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापला आणि देशात पेनिसिलीन तयार होऊ लागले. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीचा पाया ज्या कारखान्यांनी घातला त्यांत हा एक होता, आणि तो बाळंतिणींच्याही उपयोगी पडला, हे आपण विसरतो. १९७२ साली न्यूझीलंडमधील दोन डॉक्टरांनी दाखवून दिले की अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण होण्याचा संभव असताना आईला एक विशिष्ट इंजेक्शन दिले तर पोटातल्या मुलाची फुप्फुसे लवकर पिकतात. २००१ साली एका मोठ्या तपासणीतून दिसले की पाणमोट लवकर फुटलेल्या बाईला योग्य जंतुनाशक गोळ्या दिल्या तर मुलाला फायदा होतो. २०२० साली भारतासह पाच देशांत पुन्हा पाहणी झाली, आणि गरीब देशांतील इस्पितळांतही नीट निवडलेल्या स्त्रियांना ते फुप्फुसांचे इंजेक्शन दिल्यास नवजात मुलांचे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले. हे उपचार सुईणीच्या हाती नव्हते आणि घरी होण्यासारखेही नाहीत. पाणमोट फुटलेल्या बाईसाठी तराजूचे पारडे इस्पितळाकडे झुकले ते यामुळे.

पण औषध इस्पितळात आणि बाई वस्तीवर, तर उपयोग काय? हे ज्यांनी ओळखले त्या डॉ. बानू कोयाजी. १९४४ साली त्या केईएममध्ये आल्या तेव्हा ते अवघे चाळीस खाटांचे होते; त्यांच्या कारकिर्दीत ते पाचशेहून अधिक खाटांचे झाले. एवढे मोठे इस्पितळ उभारणारी बाई तेथेच समाधान मानून बसली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. परंतु १९७० नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या शेजारच्या वढू बुद्रुकला काम सुरू केले. वाघोलीपासून नगर रस्त्याने लोणीकंद, पेरणे फाटा, कोरेगाव भीमा, आणि तेथून आत वळले की वढू. संभाजी महाराजांच्या समाधीचे गाव. तेथे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. गरोदर बाईची नोंद ठेवणे, धोक्याची खूण ओळखणे आणि वेळेत पुढे पाठवणे, हे त्या शिकल्या. इस्पितळ वाट पाहत बसले नाही, ते गावातल्या बायकांच्या पायांनी घरापर्यंत चालत आले. १९९३ साली बाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ साली त्या गेल्या. आज आपल्याकडे आशाताई दारोदार फिरतात. ही नेमणूक २००५ नंतर देशभर झाली, पण तिची पेरणी आपल्या शेजारी कितीतरी आधी झालेली होती.

आता आमच्या घरातलीच एक हकिगत सांगते. २०११ साली माझी धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा लागला होता. पहाटे उठली तर परकर ओला. आधी वाटले लघवी असेल. कळा नाहीत, दुखणे नाही. घरात एकच वाद. कोणी म्हणे, एवढ्याशा पाण्याला पुण्याला कशाला धावायचे, स्वस्थ निजू दे. कोणी म्हणे, इस्पितळात नेले की पोट फाडतात. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. स्वतः तीनदा अंधाऱ्या खोलीत बाळंत झालेली बाई, घरच्या बाळंतपणाची बाजू तीच घेईल असे सर्वांना वाटले. त्यांनी ते कापड हातात घेतले, उजेडात धरले, हुंगले आणि म्हणाल्या, "हे मोटेचं पाणी हाय. मूल कच्चं हाय. माझ्या जावेला असंच झालं हुतं, चार दिस घरात ठिवली. पाचव्या दिशी वास सुटला आन सातव्या दिशी बाई गेली. गाडी बोलवा."

पुण्यातील एका मोठ्या इस्पितळात तिला ठेवले. दोन इंजेक्शने, गोळ्या, रोज मुलाचे ठोके पाहणे, सर्व सुरू झाले. मात्र तिसऱ्या रात्री दालनात गर्दी फार आणि परिचारिका एकच. संध्याकाळी ताप पाहायचा तो पाहिलाच गेला नाही. सासूबाई खाटेखाली सतरंजी टाकून निजत. त्यांनी मध्यरात्री लेकीच्या कपाळाला हात लावला, तो चटका बसला. तशाच उठून त्यांनी परिचारिकेला हलवून आणले. ताप चढू लागला होता. डॉक्टर आले, रक्त तपासले, औषध बदलले, आणि आता वाट पाहणे नको असे ठरवून सकाळी बाळंतपण करवले. सोळाशे ग्रॅमचा मुलगा. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिला. आज तो शाळेतून आला की आजीच्या डब्यातले शेंगदाण्याचे लाडू संपवतो. त्या रात्रीबद्दल मला कोणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत. सांगायचे एवढेच की औषध इस्पितळाचे लागले आणि डोळा घरच्या म्हातारीचा लागला. दोहोंपैकी एक नसते तर हे लिहायला माझा हात धजावला नसता.

त्याच्या पुढच्याच वर्षी जी बातमी आली तिने आमच्या घरातल्या सर्व बायका सुन्न झाल्या. बेळगावची सविता हलप्पनवार, एकतीस वर्षांची दंतवैद्य, नवऱ्यासोबत आयर्लंडमधील गॉलवे शहरात राहत होती. सतरावा आठवडा होता. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, रविवारी, पाठ दुखते म्हणून ती तेथील विद्यापीठाच्या इस्पितळात गेली. तिला घरी पाठवले. त्याच दिवशी ती पुन्हा आली, तेव्हा गर्भ राहणार नाही हे डॉक्टरांच्या लक्षात आले. त्या मध्यरात्रीनंतर तिची पाणमोट फुटली. मंगळवारी तिने विनवले, मूल जगणार नाही तर मला मोकळे करा. त्या देशातील कायद्यानुसार मुलाचे ठोके चालू आहेत तोवर तसे करता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. बुधवारी पहाटे ताप, धडधड आणि दुर्गंधी, म्हणजे माझ्या सासूबाईंना ठाऊक असलेली प्रत्येक खूण, दिसू लागली. रविवारी घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढल्याचे आधीच दिसत होते, पण त्या निकालाची कोणी दखल घेतली नव्हती. मूल गेले, आणि २८ ऑक्टोबरला सविताही गेली. तिचे आईवडील लेकीकडे गेले होते ते त्याच आठवड्यात बेळगावला परतले होते.

पुढे चौकशी झाली. २०१३ सालच्या अहवालात स्पष्ट म्हटले की तिच्यावर पुरेशी देखरेख झाली नाही आणि गर्भ मोकळा करण्याचा मार्ग तिच्यापुढे वेळेत ठेवला गेला नाही. श्रीमंत देश, पक्की इमारत, शिकलेले डॉक्टर, सर्व औषधे. आणि बाई स्वतः वैद्यकातली. तरीही ती वाचली नाही. २५ मे २०१८ रोजी आयर्लंडच्या जनतेने मतदान करून तो जुना निर्बंध काढून टाकला. शंभरातील सहासष्टांनी बदलाच्या बाजूने मत दिले. बेळगावच्या एका लेकीने परमुलखातील लाखो बायकांचे भोग चुकवले, पण त्यासाठी तिचा जीव गेला.

येथे आपल्या देशाला एक श्रेय दिले पाहिजे. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६६ साली अहवाल दिला आणि त्यावरून १९७१ चा कायदा झाला. आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भ मोकळा करण्यास त्या कायद्याने परवानगी आहे. म्हणजे असा प्रसंग आला तर डॉक्टरांना स्पष्ट विचारण्याचा आपल्याला हक्क आहे: मूल वाचण्याची आशा किती, आईला धोका किती, आणि कुठल्या क्षणी वाट पाहणे थांबवाल? पोटच्या गोळ्याबद्दल असे विचारताना जीभ अडखळते. पण विचारलेच पाहिजे. घरात आधीची मुले असतील तर त्यांनाही आई हवी असते.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे येते. एकदा इस्पितळात नेले, दोन-तीन दिवस सर्व ठीक आहे असे दिसले, तर मग बाईला घरी आणून वाट पाहावी का? परदेशात काही डॉक्टरांनी हे करून पाहिले. २०१४ साली अशा अभ्यासांचा आढावा निघाला, त्यात दोनच लहान अभ्यास सापडले, मिळून एकशे सोळा स्त्रियांचे. घरी राहिलेल्या स्त्रिया अधिक समाधानी होत्या आणि खर्चही कमी आला, पण घर तितकेच सुरक्षित आहे असे म्हणण्यापुरता पुरावा त्यातून निघाला नाही. शिवाय त्या स्त्रिया निवडून घेतलेल्या होत्या. आधी दोन-तीन दिवस त्यांना इस्पितळात ठेवून पारखले होते. मला येथे नगर रस्ता आठवतो. संध्याकाळी वाघोलीच्या चौकात गाड्या अडकल्या की पुण्यात पोहोचायला किती वेळ लागतो हे आपण जाणतो. २०२१ साली आपण महानगरपालिकेत गेलो, उंच इमारती आल्या, तरी रस्ता काही रुंद झाला नाही. तेव्हा कोणा डॉक्टरांनी विचारपूर्वक घरी पाठवलेच, तर इस्पितळ किती दूर, गाडी कोणाची, रात्री सोबत कोण, हे ठरवल्याशिवाय बाईला घरी आणू नये.

महाराष्ट्रात २००५-०६ च्या सुमारास शंभरातील पासष्ट बाळंतपणे इस्पितळात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती पंचाण्णवाच्या आसपास गेली. अंधारी खोली गेली हे फार चांगले झाले. परंतु त्या खोलीत रात्रभर उशाशी बसणारी सुईणही गेली, आणि तिची जागा कोणी घेतली का, हे आपण पाहिले पाहिजे. इस्पितळात नेऊन पोहोचवले की आपले कर्तव्य संपले असे मानू नये.

म्हणून भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. दिवस भरण्याआधी अंगावरून पाणी गेले, मग ते थोडे असो वा पुष्कळ, कळा असोत वा नसोत, किती वाजले ते लिहून ठेवा आणि त्याच घटकेला निघा. स्वच्छ घडी लावा आणि ती टाकून न देता डॉक्टरांना दाखवा; पाण्याचा रंग हिरवट आहे का, रक्त आहे का, वास आहे का, हे तिच्यावरून कळते. आत बोट घालू नका, कोणाला घालू देऊ नका. एरंडेल, काढा काही देऊ नका. १०८ क्रमांकाला गाडी मागवा. ती फुकट मिळते. इस्पितळात सोबतीला बसणाऱ्या बाईने ताप, नाडी आणि बाळाची हालचाल यांची वेळोवेळी चौकशी करावी, आणि तपासणी चुकली तर विचारायला भिऊ नये. थंडी वाजून ताप, पोटात दुखणे, घाण वास, बाळ हलेनासे होणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. कोणी रागावले तर रागावू द्यावे.

आपल्या मंडळाकडे शिलाईयंत्रे आहेत, भिशी आहे, हळदीकुंकवाची भांडी आहेत. माझी एक सूचना आहे. मंडळाच्या पेटीत दोन थर्मामीटर ठेवावेत, आणि आपल्या आळीतील प्रत्येक गरोदर बाईसाठी एकीने नाव द्यावे, की हिच्या वेळेला इस्पितळात सोबतीला मी जाईन. माहेर दूर असलेल्या, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, खाणीवर आणि बांधकामावर राबणाऱ्या कितीतरी मुली आता वाघोलीत आहेत. त्यांच्या उशाशी बसायला कोणी नाही. पहिले नाव मी माझे लिहून चिटणीसबाईंकडे दिले आहे.